आरसी बुक एका लढाऊ विमानाचं!

बनारसच्या कॉलेजात उभं असलेलं एक विमान, त्याचा एक नंबर आणि लंडनमधली जुनी कार्डं... जुन्या ब्रिटिश लढाऊ विमानांची कुंडली मांडणाऱ्यांची ही भन्नाट दुनिया!

सेकंड-हॅण्ड बाइक घ्यायला गेलात की तुम्ही आधी काय बघता? रंग? मायलेज? टायर? हुशार असाल तर गुडघ्यावर बसून चेसिस नंबर बघता आणि तो आरसी बुकाशी ताडून पाहता. जुळला तर पुढची बोलणी, नाही जुळला तर नमस्कार करून सरळ घरचा रस्ता! कारण पॉलिश काय, कोणीही मारतं. मालक किती झाले, अ‍ॅक्सिडेण्ट झालाय का, गाडी मूळची कुठली, हे सगळं त्या नंबरात दडलेलं असतं.

आता बाइकच्या जागी एक लढाऊ विमान ठेवा. तेही दुसऱ्या महायुद्धातलं. आणि ते सापडलंय कुठे, तर आपल्या बनारसमध्ये!

गोष्ट १९८२ सालची. पीटर व्हॅचर नावाचे एक ब्रिटिश गृहस्थ जुन्या रोल्स-रॉइस गाड्यांच्या मागावर भारतात फिरत होते. आपल्याकडच्या राजेरजवाड्यांना या गाड्यांचं किती वेड होतं हे काही वेगळं सांगायला नको. फिरता फिरता ते बनारस हिंदू विद्यापीठात पोचले आणि तिथे त्यांना गाडी नाही, चक्क हॉकर हरिकेन दिसलं! उघड्यावर उभं, ऊन-पावसाने थकलेलं. पण बरंचसं शाबूत.

व्हॅचर घरी परतले, पण विमान काही डोक्यातून जाईना. नव्वदच्या दशकात ते पुन्हा त्याच्या मागे लागले. पत्रं, परवानग्या, फेऱ्या... सरकारी कामाचा अनुभव असलेल्यांना चित्र डोळ्यांपुढे आणायला त्रास पडू नये! अखेर २००१ मध्ये विमान त्यांचं झालं. पण खरा थरार होता त्याच्या नंबरात : आर-४११८.

नंबरमें क्या रखा है?

ब्रिटिश हवाई दलाच्या प्रत्येक विमानाला एक सीरियल नंबर असे. अक्षर आणि पुढे आकडे. स्क्वाड्रन बदलली की विमानाच्या अंगावरची मोठी कोड-अक्षरं बदलायची, रंग बदलायचा, पण सीरियल नंबर साधारणपणे जन्मभर तोच. म्हणजे आपल्या चेसिस नंबरसारखाच!

आणि या नंबरमागे असायचे कागद. फॉर्म ७८ म्हणजे विमानाचं सर्व्हिस-बुक. कारखान्यातून कधी निघालं, कुठल्या स्क्वाड्रनला गेलं, दुरुस्तीला कधी आलं, सगळ्या तारखा एका कार्डावर. फॉर्म ११८० म्हणजे अपघाताचं कार्ड. शिवाय प्रत्येक स्क्वाड्रनची नोंदवही. कोण कुठलं विमान घेऊन किती वाजता उडालं आणि किती वाजता परतलं, हे तिच्यात टाइप केलेलं. कधी कधी ‘परतलं’चा रकाना रिकामाच असतो. एवढ्या कोरड्या सरकारी कागदावर ती रिकामी जागा बघून पोटात गलबलतं.

या सगळ्यावर कडी म्हणजे वैमानिकाचं स्वतःचं लॉगबुक. त्यात प्रत्येक उड्डाणापुढे विमानाचा नंबर. स्क्वाड्रनच्या नोंदवह्या लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत, विमानांची कार्डं हेंडनच्या हवाई दल संग्रहालयात आणि लॉगबुकं बरेचदा कोणाच्या तरी घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत. हे तिन्ही कागद एकमेकांशी जुळवायचे, बस्स! म्हटलं तर कारकुनी, म्हटलं तर डिटेक्टिव्हगिरी.

आर-४११८ चे कागद जुळले तेव्हा काय निघालं बघा. हे विमान १९४० च्या उन्हाळ्यात ग्लॉस्टर कंपनीच्या कारखान्यात तयार झालं. ऑगस्टमध्ये ६०५ स्क्वाड्रनकडे आलं. ब्रिटनवर जर्मन विमानांचे थवे तुटून पडत होते तो हा काळ. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’! लंडनजवळच्या क्रॉयडनच्या धावपट्टीवरून या एका विमानाने ४९ वेळा लढाईसाठी झेप घेतली. नंतर ते नवख्या वैमानिकांच्या प्रशिक्षणाला गेलं आणि १९४३ च्या डिसेंबरमध्ये जहाजातून भारतात रवाना झालं. परदेशी धाडलेल्या विमानांच्या कार्डांवर पुढच्या नोंदी फार त्रोटक असतात. लग्न होऊन दूरदेशी गेलेल्या मुलीचं पत्रच येऊ नये, तसं!

१९४७ मध्ये हे विमान बनारसच्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी मिळालं. म्हणजे गंमत बघा. युद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये हरिकेनं भंगारात जात होती. एकूण १४ हजारांहून जास्त बनली होती, कोणाला पर्वा? त्याच वेळी हे एक मात्र आपल्याकडच्या कॉलेजने ठेवून घेतलं. जपायचं म्हणून नव्हे, शिकवायचं म्हणून. पण त्यामुळे ते वाचलं, हे खरं!

स्पिटफायर, स्पिटफायर!

कागदांची ताकद कळायला उलटं उदाहरण जास्त उपयोगी पडतं. २०१२ मध्ये एक बातमी जगभर गाजली. युद्ध संपताना ब्रिटिशांनी ब्रह्मदेशात स्पिटफायर विमानं खोक्यांत बंद करून जमिनीत पुरली आणि ती तिथेच कोरी करकरीत पडून आहेत म्हणे! एक ब्रिटिश शेतकरी कित्येक वर्षं त्यांचा माग काढत होता. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी ब्रह्मदेशच्या भेटीत हा विषय काढला. एका व्हिडिओ गेम कंपनीने खर्च उचलला. २०१३ च्या जानेवारीत यांगूनच्या विमानतळावर खोदकाम सुरू झालं.

निघालं काय? स्पिटफायरचा स्क्रूसुद्धा नाही!

अर्काइव्हमध्ये बसलेल्या संशोधकांना त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. कारण विमानं अशी पुरल्याचा कागदोपत्री पुरावा नव्हताच. साक्षीदार होते, आठवणी होत्या, ‘माझ्या डोळ्यांनी पाहिलं’ होतं. पण नंबर नव्हते. बनारसच्या विमानाकडे नंबर होता, पण गाजावाजा नव्हता. ब्रह्मदेशच्या विमानांचा गाजावाजा होता, पण नंबर नव्हता. फरक एवढाच!

वाडा तोच, तुळया नव्या

आता खरा वादाचा मुद्दा. आर-४११८ इंग्लंडमध्ये सफोकच्या हॉकर रीस्टोरेशन्सकडे गेलं. हरिकेन दिसतं धातूचं, पण त्याचा मागचा अर्धा भाग म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून ताणून बसवलेलं कापड. कापड कुजतं, लाकूड किडतं, नळ्या गंजतात. जे वापरण्यासारखं नसेल ते जुन्या पद्धतीनेच नव्याने घडवावं लागतं. तीनेक वर्षं हे काम चाललं. २३ डिसेंबर २००४ रोजी आर-४११८ पुन्हा आकाशात झेपावलं.

पण मग ते तेच विमान म्हणायचं का?

आपल्याकडच्या जुन्या वाड्याचं घ्या ना. कौलं बदलली, तुळया बदलल्या, भिंतींना नवा गिलावा झाला. तरी आपण म्हणतो, ‘आजोबांचा वाडा’. पण वाडा पाडून त्या जागी हुबेहूब नवा बांधला तर? नाव तेच ठेवलं तरी मनात खट्टू होतंच. विमानांच्या दुनियेत हा प्रश्न नुसता तात्त्विक नाही, पैशाचाही आहे. लढाईचा इतिहास असलेल्या विमानाची किंमत कितीतरी पटींनी वाढते. त्यामुळे अपघातस्थळी सापडलेले चार वाकडे तुकडे आणि एक नंबरपट्टी एवढ्या भांडवलावर जवळजवळ संपूर्ण नवं विमान उभं राहू शकतं. म्हणूनच काय बदललं आणि काय जुनं राहिलं याची प्रामाणिक नोंद ठेवणं ही या क्षेत्रातली खरी सचोटी. आर-४११८ चं मोल यातच आहे की ते तुकड्यांत सापडलं नव्हतं. ते उभंच होतं!

दुसरा वाद आणखी तापलेला : उडवायचं की ठेवायचं? लंडनच्या हवाई दल संग्रहालयात एक हॅलिफॅक्स बॉम्बर आहे. नंबर डब्ल्यू-१०४८. एप्रिल १९४२ मध्ये नॉर्वेत जर्मन युद्धनौका ‘टिर्पिट्झ’वर हल्ला करताना त्याला मार बसला. ते एका गोठलेल्या तळ्यावर उतरलं आणि मग तळाशी गेलं. १९७३ मध्ये ते बाहेर काढलं. आज ते तसंच ठेवलंय, गंजलेलं, मोडलेलं, बहुतांशी जसं सापडलं तसं. ना चकाचक रंग, ना गुळगुळीत पत्रा. बघणारा आपोआप आवाज खाली करतो, म्हणतात.

याउलट व्हल्कन एक्सएच-५५८. शीतयुद्धातलं हे प्रचंड बॉम्बर लोकांनी वर्गणी काढून पुन्हा उडवलं. २००७ ते २०१५ अशी आठ वर्षं त्याने हवाई प्रदर्शनं गाजवली. त्याचा आवाज ऐकून मोटारींचे अलार्म वाजायचे, असे किस्से आहेत! पण २०१५ मध्ये ज्या कंपन्या त्याच्या सुरक्षिततेची तांत्रिक हमी देत होत्या त्यांनी हात आखडता घेतला. व्हल्कनची नस न् नस ठाऊक असलेली माणसं निवृत्तीकडे चालली होती. विमान शिल्लक होतं, त्याला ओळखणारी माणसं संपत आली होती.

घाई कसली?

घाई आहे, ती इथेच आहे. बॉब फॉस्टर या वैमानिकाने १९४० मध्ये आर-४११८ उडवलं होतं. आयुष्याच्या संध्याकाळी त्यांना ते पुन्हा पाहता आलं. २०१४ मध्ये ते गेले. आणि १७ मार्च २०२५ रोजी जॉन ‘पॅडी’ हेमिंग्वे वयाच्या १०५ व्या वर्षी वारले. बॅटल ऑफ ब्रिटन लढलेल्या वैमानिकांपैकी हे शेवटचे. तेही हरिकेनच उडवायचे. आता ‘खरं काय झालं होतं हो?’ असं विचारायला कोणी उरलेलं नाही. उरलेत फक्त कागद आणि यंत्रं. आणि कागद-यंत्रांची फारकत झाली की कागद होतात रद्दी, यंत्रं होतात भंगार!

विश्वास बसत नसेल तर शॉर्ट स्टर्लिंगचं बघा. युद्धातलं चार इंजिनांचं मोठं ब्रिटिश बॉम्बर. २,३०० हून अधिक बनली. आज संपूर्ण असं एकही शिल्लक नाही. एकही!

आणि आपण?

‘ब्रिटिशांची विमानं, ब्रिटिश जपतील, आपल्याला काय?’ असं वाटत असेल तर थांबा. १९४४ मध्ये इंफाळच्या आघाडीवर अर्जन सिंग यांच्या स्क्वाड्रनने जपान्यांशी टक्कर घेतली ती हरिकेनं घेऊनच. आणि ४ डिसेंबर १९७१ रोजी ‘विक्रांत’वरून झेपावून कॉक्स बाजार आणि चितगावला धडक मारणारी सी-हॉक विमानंही ब्रिटिश बनावटीचीच. बनावट त्यांची, इतिहास आपला!

‘विक्रांत’ आठवते ना? मुंबईत तरंगतं म्युझियम म्हणून काही वर्षं होती. शाळेच्या सहलीला गेलाही असाल. २०१२ मध्ये म्युझियम बंद झालं, २०१४ मध्ये ती तोडायला गेली. तिचं काही पोलाद बजाजने घेतलं आणि २०१६ मध्ये त्यातून पेट्रोल टाकी असलेली ‘व्ही’ बाइक बाजारात आणली. तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्येही एखादी असेल. म्हणजे ज्या बाइकचा चेसिस नंबर तुम्ही वाकून बघाल, तिच्या टाकीत विमानवाहू नौकेचा अंश! जहाज वाचवता आलं नाही. त्यावरून उडालेलं सी-हॉक मात्र अजून गोव्यात बघायला मिळतं.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या चौकात, कॉलेजच्या आवारात किंवा छावणीच्या गेटवर जुनं विमान दिसलं, तर सेल्फी जरूर काढा. पण त्याआधी शेपटीकडे जा आणि नंबर टिपून घ्या. रंगाच्या चार थरांखाली बुजला असेल तर तिथल्या जुन्याजाणत्या काकांना विचारा. कोण जाणे, एखाद्या आर-४११८ चं आरसी बुक तुमच्याच हाती लागायचं!

गोवा ट्रिपमध्ये दोन तास काढाच...

• भारतीय नौदलाचं विमान संग्रहालय गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळो रस्त्यावर आहे. १९९८ मध्ये सुरू झालं. सी-हॉकशिवाय फेअरी फायरफ्लाय आणि पाण्यावर उतरणारं शॉर्ट सीलँड ही ब्रिटिश विमानंही इथे आहेत.

• दिल्लीला गेलात तर पालमचं हवाई दल संग्रहालय. हरिकेन, स्पिटफायर, टेम्पेस्ट आणि १९३३ मध्ये भारतीय हवाई दलाचा श्रीगणेशा ज्या प्रकारच्या विमानांनी झाला ते वापिटी.

• दोन्ही ठिकाणी निघण्याआधी वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्या.

• फोटो तीन काढा : पूर्ण विमान, शेपटीवरचा नंबर आणि कॉकपिटजवळ पट्टी दिसली तर तिचा. फोटोखाली तारीख आणि जागा लिहायला विसरू नका. पन्नास वर्षांनी तोही कागद कोणाच्या तरी कामी येईल!