टीपी कोण फाडणार?

बांबूचं बेट तोडायची एक रीत आहे. पावसाळा लागला की जमिनीतून नवे कोंब निघतात. विदर्भात त्यांना वास्ते म्हणतात, त्यांची भाजीही होते. दोन-अडीच महिन्यांत कोंब आपली पुरती उंची गाठतो. त्यानंतर तो वाढत नाही की जाड होत नाही, नुसता पक्का होत जातो आणि त्याला दोन-तीन वर्षं लागतात. नवे कोंब बहुधा बेटाच्या बाहेरच्या कडेने येतात. त्यामुळे कोवळा बांबू हाताशी असतो आणि जून बांबू आत दाटीत अडकलेला असतो. तोडायचा तो आतला. तोही जमिनीलगत, पहिल्या-दुसऱ्या पेरावर, आणि नव्या बांबूंना आधार म्हणून काही जुने तसेच ठेवून. त्यासाठी एका बाजूने वाट करत आत शिरावं लागतं, वाकावं लागतं, वेळ मोडतो.

नगावर मजुरी घेणाऱ्या आणि हंगाम संपला की दुसऱ्या जंगलात जाणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. तो समोरचा कोवळा बांबू कमरेच्या उंचीवर छाटतो आणि पुढच्या बेटाकडे वळतो. असे चार-पाच हंगाम गेले की बेट आतून गच्च होतं, कोंब रोडावतात, आणि मग कागदावर नोंद होते की गावकऱ्यांच्या वापरामुळे जंगलाचा ऱ्हास झाला.

शहरात राहणाऱ्याला झाड वाचवणं म्हणजे त्याला कुऱ्हाड न लावणं, एवढंच ठाऊक असतं. गडचिरोलीच्या जंगलात कुऱ्हाड लागणारच आहे. ती कधी लागणार, कुठल्या बेटाला लागणार आणि कुणाच्या सांगण्यावरून लागणार, हे कोण ठरवणार, एवढाच तिथला वाद. गेल्या पंधराएक वर्षांत या जिल्ह्यातल्या अनेक गावांत त्याचं उत्तर बदललं, आणि ते बदलायला जंगलावरच्या प्रेमापेक्षा एक साधं पावतीपुस्तक जास्त कामी आलं, असं माझं मत आहे.

त्याआधी थोडं कर्नाटकात जाऊन यायला हवं. १९७० च्या दशकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या बुरुडांनी तक्रार केली की कागद गिरण्या जंगलातला बांबू संपवत आहेत आणि टोपल्या-सुपांसाठी काही उरत नाही. सरकारने अभ्यासाचं काम माधव गाडगीळ यांच्याकडे दिलं. गिरणीला बांबू टनाला दीड रुपयाने मिळत होता. बुरुडाला तोच बाजारात कैक पटींनी महाग पडे. गिरणीवाले आणि वनखातं दोघांचंही म्हणणं, बांबू संपतोय तो लोकांमुळे आणि त्यांच्या गुरांमुळे. तिथला कळक काटेरी. बेटाच्या बुडाशी काट्यांचं दाट जाळं असतं. ते साफ केलं की तोडणीही सोपी होते आणि बेटाची वाढही जोमाने होते, अशी खात्याची समजूत होती. गावकऱ्यांनी गाडगिळांना सांगितलं की ते काटेच कोवळ्या कोंबाचं कुंपण आहेत. काटे काढले की कोंब गुरांच्या आणि रानातल्या जनावरांच्या तोंडी जातात. गाडगिळांनी मोजणी करून पाहिली. गावकऱ्यांचं खरं निघालं. ज्याला बांबू पुढच्या वर्षीही लागणार आहे त्याचं बेटाकडे बारीक लक्ष असतं, इतकं तरी या प्रकरणावरून मान्य करायला हरकत नसावी.

आता गडचिरोली. स्वातंत्र्याच्या आधी इथली बरीच जंगलं जमीनदारांची होती. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला जमीनदारी गेली, जंगलं सरकारजमा झाली. गावाला राहिले ते निस्तार हक्क, म्हणजे घरासाठी लाकूड, कुंपणाला बांबू, गुरांना चराई. हक्क म्हणायचे, पण व्यवहारात ती सवलतच. एकीकडे पेपर मिलला जंगलाचे पट्टेच्या पट्टे दीर्घ मुदतीच्या करारावर, आणि दुसरीकडे घराच्या कुडाला चार बांबू आणणाऱ्या माणसाला हटकलं जाणार, अशी परिस्थिती बरीच वर्षं होती.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे पाचशेच्या आसपास वस्तीचं गोंड गाव. ऐंशीच्या दशकात गोदावरी-इंद्रावतीच्या खोऱ्यातल्या इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरोधात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. लालश्याम शहा आणि बाबा आमटे त्यात होते. मेंढ्याचे लोकही त्यात उतरले. धरणं थांबली. मग या गावाने स्वतःकडे बघायला घेतलं, आणि तिथून ती प्रसिद्ध घोषणा आली: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. देवाजी तोफा हे गावातले आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून येऊन सोबत राहिलेले, ही दोन नावं या सगळ्या प्रवासात वारंवार येतात.

घोषणा देणं सोपं. मेंढ्याने एक अवघड गोष्ट मात्र धरून ठेवली: निर्णय सर्वसहमतीने. मतदान नाही, हात वर करणं नाही. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेत. ऐकायला हे भाबडं वाटतं, आणि वेळखाऊ तर आहेच; दारूबंदीसारख्या विषयावर चर्चा किती लांबू शकते याची कल्पना कुठल्याही गावच्या माणसाला येईल. पण जंगलाच्या बाबतीत त्याचा फायदा उघड आहे. ५१ विरुद्ध ४९ मतांनी झालेला चराईबंदीचा ठराव ४९ जण रात्री मोडतात. सगळ्यांनी मान डोलावलेला नियम मोडायला माणूस जरा बिचकतो. सभेच्या जोडीला अभ्यास गट असतो. तिथे बाहेरचे जाणकार येतात, वनस्पतींपासून कायद्यापर्यंत कशावरही बोलतात, पण निर्णयात त्यांना वाटा नाही. मासे धरायला पाण्यात विष टाकू नये, मध काढताना पोळं जाळू नये, मधाचा भाग तेवढा कापून पिल्लांचा भाग ठेवावा, असल्या गोष्टी गावाने अशाच चर्चांतून उचलल्या.

इथे एक घोळ मिटवून टाकू. ग्रामसभा म्हटलं की आपल्याला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर २६ जानेवारीला भरणारी, कोरम नसल्याने तहकूब होणारी सभा आठवते. मेंढ्याची ग्रामसभा ती नव्हे. एका ग्रामपंचायतीत तीन-चार गावं, टोले असतात. इथे ग्रामसभा म्हणजे त्यातल्या एका वस्तीतली सगळी प्रौढ माणसं. आदिवासी भागासाठीचा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा, दोन्हींनी अधिकार दिलेत ते या छोट्या सभेला.

वनहक्क कायद्याची बातमी येते ती बहुधा वैयक्तिक पट्ट्यांची: अमुक कुटुंबाला तमुक एकर. त्यातलं कलम ३(१)(झ) त्या मानाने कमी लोकांना माहीत आहे. इंग्रजी मसुद्यात ते ‘आय’ अक्षराचं कलम. परंपरेने जे जंगल गाव वापरत आणि राखत आलं, त्याचं संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क त्यात ग्रामसभेला दिला आहे. जमिनीची मालकी त्यात बदलत नाही, कारभार बदलतो. २००८ च्या आरंभी नियम आले आणि २००९ मध्ये मेंढा आणि जिल्ह्यातल्याच मर्दा या गावांना असा सामूहिक हक्क मिळाला. देशातली ही पहिली गावं. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १८०९ हेक्टर जंगल आलं.

हक्क आला, पण बांबू गावातच राहिला. कारण वनोपज रस्त्यावर आणायची तर वाहतूक परवाना लागतो. धंद्यात त्याला टीपी म्हणतात. टीपी फाडणार वनखातं, आणि खात्याचं म्हणणं, १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात झाडाच्या व्याख्येत बांबू बसतो, तेव्हा तो लाकडात जमा. वनहक्क कायदा म्हणतो की बांबू गौण वनोपज, म्हणून गावाचा. वनस्पतिशास्त्र म्हणतं की बांबू हे गवत. तीन पोथ्या, तीन निकाल, आणि मध्ये तोडलेल्या बांबूचे गठ्ठे. परवान्याशिवाय ट्रक निघाला तर तो चोरीचा माल. विकण्याचा हक्क असून विकता येत नसेल तर बांबू राखण्याची हौस किती वर्षं टिकणार होती?

मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज मानावा असं कळवलं. २७ एप्रिल २०११ ला ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्काच्या नियमांतच दुरुस्ती झाली आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. २०१७ मध्ये बांबूला झाडाच्या व्याख्येतून वगळलं गेलं, त्याचा गाजावाजाही झाला; पण तो फायदा मुख्यतः जंगलाबाहेर, शेताच्या बांधावर लावलेल्या बांबूला.

पुस्तक हातात आल्यावर काय बदललं? पहिल्यांदा, भाव. ठेकेदाराकडे मजुरी करणारं गाव आता निविदा काढू लागलं. बोली लावणारे गावात येऊ लागले आणि अटी सगळ्यांसमोर वाचल्या जाऊ लागल्या. मेंढ्याच्या बांबूची उलाढाल लवकरच कोटीच्या घरात गेली. दुसरी गोष्ट, तोडणी. मजुरी मिळणार तीही गावकऱ्यांनाच आणि पुढच्या खेपेला त्याच बेटाकडे यायचं तेही त्यांनाच, म्हणून आतला जून बांबू काढायला वाकणं आता वाया जात नाही. जंगलाचे भाग पाडून आलटून-पालटून तोडणी करायची, पावसाळ्यात कोंबांच्या दिवसांत हात लावायचा नाही, हे नियम वनखात्याच्या कार्ययोजनांतही जुनेच आहेत. फरक इतकाच की आता नियम मोडणाऱ्याला हटकणारा त्याचा शेजारी असतो.

तिसरी गोष्ट कंटाळवाणी आहे, म्हणून तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही: हिशेब. ग्रामसभेने पॅन कार्ड काढलं, बँक खातं उघडलं, ती कराच्या कपातीचा परतावा मागायला शिकली. हजेरीपट, मापपुस्तक, गठ्ठ्यांची नोंद. गावातली शिकलेली पोरं हे काम शिकली. पैसे आले की भानगडी येतात. कुठे सचिवाने हिशेब दिला नाही, कुठे ठेकेदाराने पुढाऱ्याला हाताशी धरलं, अशा कहाण्या जिल्ह्यात आहेतच. ग्रामसभा म्हणजे सत्ययुग असं चित्र रंगवणाऱ्यांनी या गावांचं नुकसानच केलं आहे. हिशेब सगळ्यांसमोर वाचला जातो की नाही, यावरून एका ग्रामसभेची दुसरीपेक्षा पत ठरते.

मेंढ्याची गोष्ट बरीच लिहिली गेली आहे. मला त्याहून बोलकं वाटतं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिंपरी तालुक्यातलं पाचगाव. २०१२ मध्ये त्यांना सुमारे १००६ हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. बांबू तेही विकतात. स्वतःचा डेपो, स्वतःची निविदा. गावातली माणसं पाळीपाळीने जंगलात गस्त घालतात. नियम बैठका घेऊन एकेक करून ठरवले, लिहून काढले. पण त्यांनी एक पीक मुद्दाम सोडलं: तेंदू.

हे सोडणं किती मोठं आहे, ते तेंदूचा हंगाम माहीत नसेल तर लक्षात येणार नाही. मे महिन्यात, शेतात काही काम नसताना, पूर्व विदर्भातल्या घराघरांत रोख पैसा येतो तो तेंदूपत्त्याने. पहाटे चारला बायामाणसं जंगलात जातात, ऊन चढायच्या आत पानांचे भारे घरी येतात. मग अख्खं घर अंगणात बसून सारखी पानं निवडतं आणि सत्तर पानांचा एक पुडा बांधतं. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, जातात, तिथे मोजणी होते. शाळकरी मुलांच्या वह्या-पुस्तकांचा, लग्नाचा, पेरणीच्या बियाण्याचा पैसा यातला.

पण चांगलं पान हवं तर ते कोवळं, नव्या फुटव्याचं लागतं. त्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडाशी तेंदूची झुडपं छाटतात आणि बरेचदा जंगलाला आग लावतात. आगीत पालापाचोळा जातो, जमिनीवरचं बी जातं, पाखरांची अंडी जातात. छाटलेला तेंदू झाड होत नाही आणि त्याला फळही लागत नाही. पाचगावने विचार केला की बिडीच्या पानासाठी आपण टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, आणि त्यावर जगणारं बरंच काही, गमावतो आहोत. त्यांनी पानाचा पैसा सोडला. शिवाय जंगलातला सगळ्यात चांगला, सुमारे ३४ हेक्टरचा तुकडा देवराईसारखा राखून ठेवला. तिथे तोड नाहीच.

हे वाचून कुणीही म्हणेल की मग सगळ्याच गावांनी तेंदू सोडावा. पण ते इतकं सोपं नाही. आज गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. कोरचीसारख्या तालुक्यात नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली, कारण एकटं गाव ठेकेदारासमोर कमी पडतं. यातल्या बहुतेक गावांची मदार अजून तेंदूवरच आहे. ग्रामसभा आता लिलाव स्वतः करतात, पूर्वी न मिळणारा भावही त्यांना मिळाला आहे. तसंच चढी बोली लावून ठेकेदार पैसे थकवतो, असेही हंगाम गेले आहेत. निविदेत आग न लावण्याची अट घालता येते. छाटणी कमी करता येते. पण पान सोडायचं तर मे महिन्यात दुसरं काहीतरी हातात हवं.

त्यात आता वाघ. वडसा आणि गडचिरोली वनविभागांत गेल्या काही वर्षांत वाघांची संख्या वाढली, मोहफुलं आणि तेंदू वेचायला गेलेली माणसं मारली गेली. २०२१ पासून छत्तीसगडकडून हत्तींचा कळपही येऊ लागला आहे. पहाटे चारला एकट्यादुकट्याने जंगलात शिरणं परवडेनासं झालं आहे. जंगल राखलं तर जनावरं येणार, हे खरं. पण त्यांच्यासोबत कामाच्या वेळा कशा बसवायच्या, गेलेल्या माणसाच्या घराला कोण उभं करणार, याची तरतूद कुठल्या टीपीच्या पुस्तकात नाही.

पाचगावला तेंदू सोडता आला, कारण बांबू होता. ज्यांच्या जंगलात बांबूच नाही, किंवा ज्यांचा बांबू फुलून वाळून गेला, त्यांचं काय? मानवेल बांबू साधारण तीस-चाळीस वर्षांतून एकदा, कधी कधी टापूच्या टापू, फुलतो आणि मरतो. तेव्हा वाळलेला माल लवकर काढायचा, पडलेल्या बियांचं आगीपासून आणि गुरांपासून रक्षण करायचं आणि नवी रोपं तोडणीला येईपर्यंत आठ-दहा वर्षं कळ काढायची. या मधल्या वर्षांसाठी बांबूच्या पैशातून किती बाजूला ठेवायचा, हा विषय काही ग्रामसभांत निघतो आणि तहकूब होतो. सर्वसहमतीला तो अजून आलेला नाही.