आकार आणि पकड : ऱ्हो प्रथिनांच्या संशोधनाचा मागोवा

रिचर्ड ॲक्सेल आणि पास्कल मदौल यांनी 1985 मध्ये ॲप्लिशिया या समुद्री गोगलगायीत एक जनुक नोंदवले आणि कर्करोगाशी जोडल्या गेलेल्या रास प्रथिनाशी त्याचे साम्य असल्याने त्याच्या प्रथिनाला ऱ्हो हे नाव मिळाले, तेव्हा त्याचे पेशीतील काम काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. एवढे मात्र दिसत होते की, रासप्रमाणेच हेही जीटीपी हा रेणू धरून ठेवल्यावर कार्यरत होते आणि त्याचे जीडीपीत रूपांतर झाले की निष्क्रिय होते. म्हणजे बटणासारखे चालू-बंद होणारे ते संकेतवाहक प्रथिन होते.

या बटणाने नेमके काय चालू होते, याचे उत्तर लंडनमध्ये ॲलन हॉल आणि ॲन रिडली यांनी 1992 मध्ये दिले, आणि त्यांची पद्धत तपशिलाने पाहण्यासारखी आहे. उंदराच्या स्विस 3टी3 या तंतुजनक पेशी सीरमविना, म्हणजे रक्तातील पोषक व वाढकारक घटकांविना, उपाशी ठेवल्या की त्यांच्यातील ॲक्टिनचे जाड जुडगे बव्हंशी नाहीसे होतात. अशा पेशीत अतिसूक्ष्म सुईने सक्रिय ऱ्हो टोचल्यावर काही मिनिटांत ते जुडगे, ज्यांना ताणतंतू म्हणतात, पुन्हा उभे राहिले आणि त्यांच्या टोकांशी पेशीला पृष्ठभागावर रोवून धरणारी केंद्रीय आसंजने तयार झाली. बोट्युलिनम जिवाणूचे सीथ्री हे विकर ऱ्हो निकामी करते, आणि ते वापरल्यावर सीरम देऊनही हे तंतू उमटले नाहीत. रॅक या जवळच्या प्रथिनाने पेशीच्या कडेला पटलाच्या लाटा उसळल्या. कॅथरीन नोब्स आणि हॉल यांनी 1995 मध्ये सीडीसी42 हे तिसरे प्रथिन बोटांसारखे बारीक प्रक्षेप उगवते असे दाखवले, आणि पाठ्यपुस्तकांना हवे असलेले त्रिकूट पूर्ण झाले.

पेशीबाहेरील जाळ्याला धरणारे इंटेग्रिन ग्राही 1986 पासून त्याच नावाने ओळखले जात होते, त्यामुळे आधी पकड आणि मग तंतू हा क्रम स्वाभाविक वाटत होता. मॅग्दालेना क्शानोव्स्का-वोद्निका आणि कीथ बरीज यांनी 1996 मध्ये तो उलटवला. ऱ्होमुळे मायोसिन आकुंचन पावते, त्या ताणाने विखुरलेले इंटेग्रिन रेणू एकत्र ओढले जातात आणि त्यांतूनच आसंजने घडतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच सुमारास ऱ्हो-कायनेज या विकराचा शोध लागला. ते मायोसिन शिथिल करणाऱ्या फॉस्फटेजला रोखते, म्हणून ताण टिकतो, ही साखळीही उलगडली. या विकराला अटकाव करणारे नेटारसुडिल हे औषध 2017 मध्ये अमेरिकेत काचबिंदूसाठी मंजूर झाले. डोळ्यातील द्रव वाहून नेणाऱ्या जाळीदार ऊतीतील पेशींचा ताण आणि पकड सैल करून ते दाब उतरवते.

त्रिकुटाची मांडणी मात्र इतकी सोयीची होती की, ती उपाशी पेशीत भरपूर प्रथिन टोचून मिळाली आहे, हे बऱ्याचदा विसरले गेले. गाउडेन्झ दानुसर, क्लाउस हान आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये चमकणाऱ्या जैवसंवेदकांनी पुढे सरकणाऱ्या पेशीची कड पाहिली, तेव्हा कड पुढे जात असताना अगदी टोकाशी ऱ्हो सक्रिय दिसले, तर रॅक आणि सीडीसी42 सुमारे 40 सेकंद उशिरा आणि 2 मायक्रोमीटर मागे जागे झाले. मागे राहून आकुंचन घडवणारे असा ज्याचा लौकिक होता, तेच आघाडीवर निघाले. पुढे 2014 मध्ये पेशी सुट्या-सुट्या पसरवणाऱ्या विसरित जठर कर्करोगात ऱ्हो-ए जनुकातील बदल वारंवार आढळले, तेव्हा तेथील वाय42सी हा बदल प्रथिनाची कार्यशक्ती वाढवतो की घटवतो, यावर अभ्यासकांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत.