हॉटेलवर ‘७५ टक्के सूट’ दिसते, खिशातून जातात किती? ॲपवर रूम घेण्याआधी एवढं बघा

रात्रीचे साडेअकरा वाजलेले. पुण्यात स्टेशनजवळच्या एका गल्लीत मी आणि आई, हातात दोन पिशव्या. काउंटरवरच्या पोराने माझ्या मोबाइलकडे धड बघितलंही नाही. म्हणाला, "ॲपवरचं बुकिंग आम्ही घेत नाही. त्यांच्याकडं आमचेच पैसे अडकलेत." सकाळी आठला आईच्या डोळ्यांची तपासणी होती. ॲपवर ती रूम ७९९ रुपयांना मिळाली होती, शेजारी २,४०० वर काट मारलेली. गाडीत बसल्यावर ती सूट मी दोघा-चौघांना कौतुकाने दाखवली पण होती. शेवटी पलीकडच्या लॉजवर १,२०० रुपये रोख मोजले. ॲपचे पैसे परत यायला अकरा दिवस लागले.

त्यानंतर मी या सवलतींचा हिशोब जरा बारकाईने बघायला लागलो. आपल्याकडून जिंतूर, सेलू, गंगाखेडहून माणूस बाहेर मुक्कामाला जातो तो दवाखान्यासाठी, पोरांच्या परीक्षेसाठी, लग्नासाठी, नाहीतर शिर्डी-पंढरपूर-तिरुपतीला. वर्षातून चार-पाच रात्री, फार तर सहा. महिन्यातून पंधरा दिवस हॉटेलात राहणाऱ्या कंपनीच्या साहेबासाठी जी गणितं आहेत ती आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. आपली बचत वेगळ्या जागी आहे.

काट मारलेला भाव विसरून जा

२,४०० वर काट आणि खाली ७९९ असं दिसलं की मन लगेच १,६०० वाचले असं धरतं. पण त्या रूमला २,४०० कधी कोणी दिले होते का, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. आठवडी बाजारात "पाचशेची साडी दोनशेला" ओरडणारा आणि हे, यात फरक एवढाच की बाजारात आपण सावध असतो. म्हणून टक्के बघायचेच नाहीत. बघायची ती शेवटच्या पानावरची रक्कम, जिथे ‘पे’ असं बटण येतं.

एक उदाहरण घेऊ. समजा पहिल्या पानावर रूम १,२९९ रुपये दिसली. पुढे गेल्यावर त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ६५ रुपये. मग ‘कन्व्हिनियन्स फी’ १५०. मग प्रवास विम्याचे ४९, ज्याची खूण आधीच मारून ठेवलेली. आणि कुठल्याशा दानाचे १० रुपये. झाले १,५७३. दुसऱ्या ॲपवर तीच रूम १,४५० ला होती, सगळं धरून, सकाळच्या नाश्त्यासह. पहिल्या पानावर बघणारा माणूस १,२९९ वाली स्वस्त म्हणून घेतो आणि १२३ रुपये जास्त देतो. दोन रूम, दोन रात्री असतील तर असा फरक चारपट होत जातो.

विमा आणि दानाच्या खुणा आपण काढू शकतो, बोटाने दाबलं की जातात. आपल्याला न विचारता यादीत असं काही घुसवणं, किंमत तुकड्या-तुकड्याने वाढवत नेणं, "फक्त १ रूम शिल्लक, १७ जण बघत आहेत" अशी खोटी घाई लावणं, हे सगळं केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत फसवे प्रकार म्हणून नोंदवलेलं आहे. असे एकूण १३ प्रकार त्यात दिलेत. तरी हे प्रकार आजही दिसतात. दिसले तर स्क्रीनशॉट काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, फोनला पैसे पडत नाहीत.

आणखी एक चूक घरोघरी होते. ॲप विचारतं, माणसं किती? आपण घाईत २ टाकतो आणि जातो पाच, त्यात दोन लेकरं. मग काउंटरवर जादा गादीचे पैसे मागतात आणि तिथे वाद होतो. तो वाद आपण हरतो, कारण बुकिंग दोघांचंच असतं. लेकरांची वयंसुद्धा खरी टाका. बऱ्याच ठिकाणी लहान लेकराचे पैसे घेत नाहीत, पण किती वर्षांपर्यंत लहान धरायचं ते प्रत्येक हॉटेलचं वेगळं असतं.

ॲपवर बघा, मग हॉटेलला फोन लावा

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात. ॲप कंपनी प्रत्येक बुकिंगमागे हॉटेलवाल्याकडून कमिशन घेते, बऱ्याचदा भाड्याच्या पंधरा-वीस टक्के, कुठे त्याहून जास्त. म्हणजे १,४५० च्या रूममागे हॉटेलवाल्याच्या हातात बाराशेच्या आसपास पडतात. तुम्ही थेट गेलात तर तो १,३०० ला द्यायला तयार होतो, कारण त्यालाही शंभर रुपये जास्तच मिळतात.

मग हॉटेलवाले उघडपणे कमी भाव का लावत नव्हते? मोठ्या ॲप कंपनीच्या करारातच अट असायची, की आमच्यापेक्षा कमी भाव स्वतःच्या वेबसाइटवर किंवा दुसरीकडे लावायचा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो यांना २२३ कोटी ४८ लाखांचा आणि ओयोला १६८ कोटी ८८ लाखांचा दंड ठोठावला, आणि करारातल्या अशा अटी काढायला मेकमायट्रिप-गोआयबिबोला सांगितलं. हॉटेल व्यावसायिकांच्या संघटनेचीही त्यात तक्रार होती. थोडक्यात, थेट भाव विचारणं म्हणजे काही चोरून करायचं काम नाही.

बोलायचं साधं: "दादा, ॲपवर तुमची डबल रूम शनिवारी १,४५० दिसतेय, सगळं धरून. थेट तुमच्याकडे घेतली तर कितीला द्याल?" समोरचा बहुतेक वेळा काहीतरी कमी करतो. भाव नाहीच सोडला तर नाश्ता मागा, किंवा सकाळी लवकर रूम मिळेल का विचारा. रात्रीच्या गाडीने पहाटे पाचला उतरणाऱ्याला ही लवकर मिळणारी रूम दोनशे रुपयांच्या सवलतीपेक्षा मोलाची असते. एरवी दुपारी बारापर्यंत बाहेर बसवतात, नाहीतर आदल्या रात्रीचंही भाडं लावतात.

जीएसटीचाही एक मुद्दा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर ५ टक्के जीएसटी लागतो, आधी तो १२ टक्के होता. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या लॉजला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे तिथे थेट रूम घेतली तर कर लागत नाही. तीच रूम ॲपवरून घेतली तर कर भरायची जबाबदारी ॲप कंपनीवर येते आणि तो आपल्या बिलात चढतो. उलट, कोणी थेट बुकिंगवर जीएसटी मागत असेल तर बिलावर जीएसटी नंबर छापलेला आहे का ते बघा. नंबर नाही तर कर मागायचा त्याला हक्क नाही. आणि कोणी अजून १२ टक्केच लावत असेल तर तिथेच विचारा.

मग पॉइंट आणि मेंबरशिपचं काय?

फुकटात मिळते ती घ्यावी. बुकिंग डॉट कॉमवर नुसतं खातं उघडलं की ‘जीनियस’ची पहिली पायरी मिळते आणि त्यात सहभागी असलेल्या हॉटेलांवर १० टक्के कमी होतात. दोन वर्षांत पाच मुक्काम झाले की दुसरी पायरी, काही ठिकाणी १५ टक्के. वर्षाला चार-पाच रात्री बाहेर राहणारं कुटुंब सगळी बुकिंग एकाच मोबाइलवरून, एकाच खात्यातून करेल तर इथपर्यंत सहज पोचतं. बाप एका नंबरवरून, पोरगा दुसऱ्या नंबरवरून करत बसले तर दोघंही पहिल्याच पायरीवर. टाटांचे न्यू कॉइन असेच आहेत, एक कॉइन म्हणजे एक रुपया. किराणा किंवा इलेक्ट्रॉनिक सामान त्यांच्या ॲपवरून घेणाऱ्याकडे ते साठलेले असू शकतात, आणि जिंजरसारख्या त्यांच्याच हॉटेलात ते वापरता येतात.

पैसे भरून घ्यायची मेंबरशिप मात्र आधी गुणाकार करून बघा. समजा मेंबरशिप ५०० ची आणि सूट ५ टक्के. १,३०० च्या रूमवर ६५ रुपये सुटले, म्हणजे आठ रात्री राहिल्यावर कुठे ते पाचशे वसूल. आपण राहणार चार रात्री.

कॅशबॅक आणि सूट यातही लोक गल्लत करतात. सूट आत्ता कमी होते. कॅशबॅक ॲपच्या पाकिटात जातो, पुढच्या बुकिंगला त्यातला थोडाच भाग वापरू देतात, आणि ठरलेल्या तारखेनंतर तो उडून जातो. बँकेचं कूपन असेल तर अटी उघडून वाचा. ते बहुतेक वेळा ठराविक बँकेच्या क्रेडिट कार्डला, ठराविक वारी, आणि अमुक रकमेच्या वरच्या बुकिंगलाच चालतं. यूपीआयने भरायला गेलो की गायब.

वार बदलला तरी भाव बदलतो. महाबळेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली इथे शनिवारची रात्र महाग आणि रविवारची त्याच रूमला स्वस्त. एमटीडीसीच्या म्हणजे पर्यटन महामंडळाच्या निवासांचे भावही महामंडळाच्या वेबसाइटवर बघून ठेवा. २०२३ च्या ‘आई’ धोरणानुसार महिला पर्यटकांना तिथे १ ते ८ मार्च या काळात ५० टक्के सवलत ठेवलेली आहे. बचत गटाच्या बायकांनी सहल काढायची तर हा आठवडा धरावा. आषाढीला पंढरपुरात, किंवा ३१ डिसेंबरला कोकणात, कुठलंच कूपन कामाला येत नाही. तिथे लवकर बुकिंग एवढाच उपाय.

लवकर बुकिंग करताना ‘फ्री कॅन्सलेशन’ वाली रूम घ्या, शंभर रुपये जास्त पडले तरी. दवाखान्याची तारीख पुढे जाते, परीक्षा पुढे जाते, घरात कोणी आजारी पडतं. ‘नॉन-रिफंडेबल’ रूम स्वस्त दिसते, पण तारीख हलली की पूर्ण पैसे गेले. फुकट रद्द करायची शेवटची तारीख आणि वेळ कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. आणि निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून विचारा, "आमचं बुकिंग तुमच्याकडे दिसतंय का?" मी तो एक फोन केला असता तर आईला रात्री बाराला रस्त्यावर उभं राहावं लागलं नसतं.

फोन नंबर कुठून घेतला, ते आधी बघा

थेट फोन करा म्हटलं की धोकाही तिथेच आहे. गुगलवर "भक्तनिवास बुकिंग" टाकलं की पहिला दिसणारा नंबर खराच असेल असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरूंसाठी खास इशारा दिला होता, की खोट्या वेबसाइट आणि खोट्या व्हॉट्सॲप खात्यांवरून यात्रेतली गेस्ट हाऊस, हॉटेलं आणि केदारनाथच्या हेलिकॉप्टरच्या नावाने पैसे उकळले जात आहेत. पैसे घेतले की समोरचा फोन उचलत नाही.

शिर्डीला रूम हवी तर संस्थानच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. बाकी देवस्थानांसाठी आधी जाऊन आलेल्या गावातल्या माणसाकडून नंबर घ्या, गुगलच्या जाहिरातीतून नको. हॉटेलवाला आगाऊ पैसे मागत असेल तर यूपीआयवर कोणाचं नाव येतं ते बघा. हॉटेलच्या ऐवजी भलत्याच माणसाचं नाव दिसलं तर थांबा. "कन्फर्म करायला ही फाइल डाउनलोड करा" म्हणत एपीके पाठवली तर ती उघडूच नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, तासाभराचा उशीरही महागात पडतो.

दुसरा सापळा तालुक्याच्या ठिकाणी पेट्रोल पंपावर आणि प्रदर्शनात लागतो. चिठ्ठीवर नाव-नंबर लिहून टाका, लकी ड्रॉ आहे. आठ दिवसांनी फोन येतो, "अभिनंदन, तीन रात्रींचा मुक्काम फुकट! फक्त नवरा-बायको दोघं जोडीने या आणि व्हाउचर घेऊन जा." तिथे गेल्यावर दोन-तीन तास बसवून ‘हॉलिडे क्लब’ची मेंबरशिप गळ्यात मारतात. आमच्या ओळखीतल्या एका गुरुजींनी चहा पिता पिता कार्ड घासलं आणि वर्षभर हप्ते भरले. ज्या तारखा मागितल्या त्या तारखांना रूम कधी मिळाली नाही. अशा ठिकाणी गेलातच तर सही त्या दिवशी करायची नाही. "आजच घ्या, उद्या ऑफर नाही" म्हणाले तर उठून यायचं.

जाताना प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र सोबत ठेवा. पॅन कार्ड बहुतेक हॉटेलं घेत नाहीत, त्यावर पत्ता नसतो. आधारची झेरॉक्स द्यायची तर ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करून घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. एका रात्रीपुरता प्रश्न असेल आणि हातात रेल्वेचं पक्कं तिकीट असेल तर मोठ्या स्टेशनवरच्या रिटायरिंग रूमही बघा. त्या पीएनआर नंबर टाकून आयआरसीटीसीवर बुक होतात. पुढच्या वेळी आईला घेऊन गेलो तेव्हा तेच केलं. उतरलो आणि जिना चढून थेट रूममध्ये.