मसाईंची कुरणे आणि इंग्रजांचे करार

'पडीक' जमीन म्हणजे नेमकी कोणती? जिच्यावर नांगर फिरलेला नाही ती, असे आपण चटकन उत्तर देऊ. पूर्व आफ्रिकेतील मसाई या पशुपालक जमातीची उत्तमोत्तम कुरणे याच समजुतीच्या आधारे इंग्रजांच्या हाती गेली.

मसाईंचे सारे जीवन गुरांवर उभे. पावसाच्या दिवसांत सखल मैदानांतले गवत चारावयाचे आणि कोरड्या महिन्यांत बारमाही पाणी असलेल्या उंच प्रदेशाकडे कळप वळवावयाचे, हा त्यांचा परंपरागत क्रम होता. उंचावरची राने काही महिने मोकळी दिसत; पण ती सोडून दिलेली नसत, राखून ठेवलेली असत.

इंग्रज आले तेही मोठ्या विपरीत काळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुळकांडीच्या साथीने मसाईंची असंख्य गुरे मेली. पाठोपाठ देवी आणि दुष्काळ यांनी माणसे नेली. रिकामी पडलेली कुरणे पाहून नव्या राज्यकर्त्यांना ती बेवारस वाटली. 1896 ते 1901 या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग झाला. हिंदुस्थानातून नेलेल्या हजारो मजुरांनी तो बांधला. त्याचा खर्च भरून निघावा म्हणून गोऱ्या शेतकऱ्यांना तेथे वसविण्याचे धोरण ठरले.

1904 च्या करारान्वये नैवाशा आणि नाकुरू परिसरातील खचदरीची कुरणे मसाईंनी सोडली. बदल्यात उत्तरेस लैकिपियाचे पठार आणि दक्षिणेस दुसरे राखीव क्षेत्र त्यांना मिळाले. मसाई वंश आहे तोवर हा करार टिकेल, असे वचन त्यात होते. ते सात वर्षेच टिकले! 1911 मध्ये दुसरा करार झाला आणि लैकिपियाही सोडून सर्वांनी दक्षिणेस जावे असे ठरले. 1913 पर्यंत माणसे व कळप तिकडे हलविण्यात आले. वाटेत अनेक गुरे दगावली. दक्षिणेच्या क्षेत्रात काही भाग कोरडा, तर काही ठिकाणी गोचिडांमुळे पसरणाऱ्या तापाचे आणि त्सेत्से माशीचे भय. क्षेत्रफळ वाढवून दिले, हे खरे. परंतु कोरड्या महिन्यांचा आधार गेला तो गेलाच.

मसाईंनी भाले उचलले नाहीत. ते न्यायालयात गेले. 1913 मध्ये त्यांचा दावा फेटाळला गेला. मसाई हे ब्रिटिश प्रजाजन नव्हेत, करार हा दोन सत्तांमधील तह आहे, सबब त्याचा निवाडा या न्यायालयाला करता येत नाही, असे कारण देण्यात आले. जमीन देऊन टाकण्यापुरते मसाई स्वतंत्र. मात्र दिलेले वचन पाळून घेण्याची वेळ आली तेव्हा त्या स्वातंत्र्याला काहीच मोल नव्हते!

1963 मध्ये केनिया स्वतंत्र झाला. पण गेलेली कुरणे मसाईंकडे परतली नाहीत. पहिल्या कराराला शंभर वर्षे झाली तेव्हा, 2004 साली, लैकिपियाच्या जमिनींसाठी मसाईंनी निदर्शने केली. शंभर वर्षांनंतरही ते वचन त्यांच्या स्मरणात होते.

एखाद्या समाजाची जमीन हिरावण्यापूर्वी तिचा उपयोगच होत नाही, असे ठरवावे लागते. म्हणून एखादी जमीन पडीक आहे असे कोणी म्हटले, की आपण प्रथम विचारावे: कोणाच्या दृष्टीने?