इंजिनाचा कान
शर्यतीच्या गाडीतून जास्त ताकद हवी, तर आपण ठिणगी जरा आधी पाडतो, कारण मिश्रण जळायला वेळ लागतो. पण फारच आधी पाडली, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच कडेचे मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटते. टकटक ऐकू येते. दुर्लक्ष केले, तर पिस्टनला भोकसुद्धा पडते.

पूर्वी मेकॅनिक ही टकटक कानानेच ओळखत. पण मिनिटाला ६००० फेऱ्या, म्हणजे एक फेरी १० मिलिसेकंदांत! म्हणून इंजिनावर स्फटिक बसवतात. गॅसच्या लायटरमध्ये असतो, त्याच जातीचा. हादरा बसला की विद्युतदाब निर्माण होतो.

मग झडपांच्या आपटण्यानेही संगणक फसणार नाही का? आपल्यालाही हीच शंका येते. पण तो सतत ऐकतच नाही. ठिणगीनंतरच्या थोड्या अंशांपुरते ऐकतो, तेही ठरावीक वारंवारतेचे. नेहमीच्या मोटारीत साधारण ६ ते ७ हजार हर्ट्झ. टकटक आढळली, की ठिणगी काही अंश उशिरा पाडतो आणि मग हळूहळू पुन्हा पुढे सरकवतो. १९८२च्या साब ९०० टर्बोमध्ये अशा वेळी टर्बोचा दाबच कमी केला जाई.

सिलिंडर रुंद करून ताकद वाढवली, तर मोठ्या घागरीसारखा त्याचा सूर खाली उतरतो. तेव्हा आपल्याला संगणकाचा कानही नव्याने लावून घ्यावा लागतो.