विमानतळावरील श्रम आणि श्रवण

सैनिकाचे नाव काढले की आपल्या दृष्टीपुढे रणांगण उभे राहते आणि वायुदलाचे नाव काढले की आकाश. परंतु एक विमान आकाशात जाते तेव्हा त्याच्यामागे जमिनीवर कितीतरी हात राबत असतात, याचा विचार आपण क्वचितच करतो. इंधन भरणारा, यंत्राचे आवरण उघडून तेलाने माखणारा, धावपट्टीकडेचे गवत कापणारा, अग्निशामक बंब सज्ज ठेवून भर उन्हात बसणारा, अशा मंडळींची कीर्ती वृत्तपत्रांत येत नाही. शत्रूची गोळी त्यांस बहुधा कधीच लागत नाही. तथापि त्यांच्या कामात धोके आहेत; आणि त्यांपैकी एक तर रक्ताचा थेंबही न सांडता माणसाचे आयुष्य उणे करणारा आहे. त्याविषयी आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्हां रत्नागिरीकरांस हा विषय परका नाही. शहरालगत मिरजोळे परिसरातील विमानतळावर भारतीय तटरक्षक दलाचे ठाणे आहे. हे दल १९७७ साली स्थापन झाले व १९७८ च्या कायद्याने त्यास सशस्त्र दलाचे स्वरूप प्राप्त झाले. वादळात सापडलेल्या नौकांचा शोध व किनाऱ्याची राखण हे त्याचे कार्य. पुण्याचे लोहगाव, नाशिकजवळील ओझर, गोव्यातील दाबोळी येथील नौदलाचा ‘हंसा’ तळ, ही आपल्या प्रांतातील व शेजारची आणखी ठिकाणे. तळ निराळे, विमाने निराळी. परंतु जमिनीवरील कामाचे धोके पुष्कळ अंशी सारखेच आहेत.

प्रथम डोळ्यांना दिसणारे धोके पाहू. जेट विमानाचे इंधन रॉकेलच्याच जातीचे असते. सुमारे ३८ अंश सेल्सिअस उष्णतेपुढे त्याची वाफ ठिणगी मिळताच पेट घेऊ शकते, आणि कोकणातील वैशाखात धावपट्टीचा पृष्ठभाग याहून पुष्कळ अधिक तापतो. नळीतून वेगाने वाहणाऱ्या इंधनात घर्षणाने वीज साठते. म्हणून इंधन भरण्यापूर्वी विमान व इंधनगाडी ही दोन्ही तारेने एकमेकांस जोडावी लागतात. तार जोडावयास अर्धा मिनिट पुरतो. न जोडल्याचा परिणाम निस्तरावयास जन्म पुरत नाही.

दुसरा धोका खड्याचा. आपल्या जांभ्या दगडाच्या सड्यावर बारीक खडीला तोटा नाही. चालू जेट यंत्र समोरील हवेबरोबर खडा, खिळा किंवा चिंधीही ओढून घेते, आणि त्या एका खड्याने आतील पाती मोडतात. यास्तव सैनिकी तळांवर माणसे एका ओळीत, जमिनीकडे पाहत चालतात आणि सापडेल तो कण उचलतात. सूर्योदयापूर्वी अंगण झाडणाऱ्या आपल्या गृहिणींस या व्रताचे मर्म सांगावयास नको. २५ जुलै २००० रोजी पॅरिस येथे कॉन्कॉर्ड विमान कोसळून ११३ माणसे मेली, त्याचे मूळ आधी उडालेल्या दुसऱ्या विमानातून धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीत होते.

तिसरा धोका खास आमच्या कोकणचा, आणि तो म्हणजे फुरसे. पावसाळ्यानंतर धावपट्टीकडेचे गवत कापणाऱ्या मजुरास विमानापेक्षा दगडाआड वेटोळे घालून बसलेल्या या वीतभर सापाचे भय अधिक. गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात काठी, आणि दंश झाल्यास चिरा न देता, आवळून न बांधता, तडक रुग्णालय गाठणे, एवढेच त्यावरचे शास्त्र आहे. मंत्र-तंत्रात घालविलेली घटका विषाच्याच पथ्यावर पडते.

आकाशातील घारींचा संबंध तर थेट आपल्या स्वयंपाकघराशी आहे. उघड्यावर टाकलेले खरकटे व मासळीचे अवशेष पक्ष्यांस बोलावतात आणि पक्षी विमानावर आदळतो. १९३७ च्या विमान-नियमांतील ९१ व्या नियमाने विमानतळाच्या केंद्रबिंदूपासून दहा किलोमीटरांच्या परिघात उघड्यावर घाण टाकणे व जनावरे कापणे निषिद्ध ठरविले, ते याच कारणास्तव. आमचे बहुतेक शहर या परिघात येते, हे वाचकांनी ध्यानात धरावे.

हे सर्व धोके नियमांनी आटोक्यात येतात. मात्र नियम मोडतो तो बहुधा दुष्टपणाने नव्हे, घाईने. २९ जुलै १९६७ रोजी अमेरिकेच्या ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू नौकेवर एका विमानाचे रॉकेट अकस्मात सुटले व त्या वणव्यात १३४ जण दगावले. उड्डाणाच्या अगदी शेवटच्या क्षणी जोडावयाची तार वेळ वाचविण्यासाठी आधीच जोडण्याची वहिवाट तेथे पडली होती. आग विझविण्याचे शिक्षण घेतलेले लोक पहिल्याच स्फोटांत गेले. उरलेल्यांस ती विद्या नव्हती. तेव्हापासून त्या नौदलात प्रत्येक खलाशास आगीशी झुंजण्याचे शिक्षण देण्यावर भर दिला गेला.

आता न दिसणाऱ्या धोक्याकडे वळू. तो म्हणजे आवाज. इटालियन वैद्य रामाझिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात व्हेनिसमधील तांबटांच्या बहिरेपणाची नोंद केली आहे. पुण्याच्या तांबट आळीतून जे गेले आहेत त्यांस यात नवल वाटणार नाही. आपल्या सुश्रुतसंहितेतही कानाचे अठ्ठावीस रोग मोजले आहेत. त्यांत कर्णनाद व बाधिर्य यांची स्वतंत्र गणना आहे.

आवाज डेसिबल या मापाने मोजतात. आपल्याकडील कारखान्यांत रूढ झालेल्या कोष्टकाप्रमाणे ९० डेसिबलांत आठ तास, ९५ मध्ये चार तास, १०० मध्ये दोन तास अशी मर्यादा निम्म्यानिम्म्याने उतरते आणि ११५ वर अवघी पंधरा मिनिटे उरतात. अनेक तज्ज्ञ तर ८५ हीच आठ तासांची योग्य सीमा मानतात. चालू जेट विमानाच्या निकट हे माप १४० पर्यंत पोचते! म्हणूनच कानात बोळे आणि वरून कान झाकणारी टोपणे, अशी दुहेरी योजना तेथे करावी लागते.

कानाच्या आतील शंखात सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कोणतेही औषध त्या परत आणीत नाही. आरंभी कामावरून आल्यावर कान गुणगुणतात व सकाळी बरे वाटते. या ‘बरे वाटण्या’नेच माणूस फसतो. पुढे जो ऱ्हास होतो तो उंच स्वरांपासून, बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर स्वर टिकतात आणि ऊष्म वर्ण जातात. ‘अ’, ‘आ’, ‘ओ’ हे स्वच्छ ऐकू येतात, पण ‘श’, ‘ष’, ‘स’ निसटतात. त्यामुळे अशा माणसास आपण बहिरे होत आहोत असे वाटतच नाही. जग पुटपुटू लागले आहे असे वाटते. पुरुषांचे जाड आवाज त्यास कळतात, बायकांचे व लेकरांचे कळत नाहीत. ज्याच्या रक्षणासाठी नोकरी केली त्या नातवाचेच बोबडे बोल आधी हरवावेत, हा केवढा दैवदुर्विलास!

१९४८ च्या कारखाना कायद्यात १९८७ साली जी सुधारणा झाली, तिने गोंगाटाने येणाऱ्या श्रवणनाशास कळविण्यायोग्य व्यवसायरोगांच्या यादीत स्थान दिले. मात्र त्या कायद्याने सैन्याच्या फिरत्या पथकांस ‘कारखाना’ या व्याख्येतून वगळले होते. अशा ठिकाणी रक्षण मुख्यतः दलाच्या स्वतःच्या शिस्तीवर व वैद्यकीय तपासणीवर अवलंबून राहते. येथेच एक अडचण उद्भवते. वैद्यकीय श्रेणी खालावेल, बढती अडेल, या धास्तीने तरुण आपली व्यथा लपवितो. जेथे खरे बोलणाऱ्यास शासन होते तेथे खोटे बोलण्याचे शिक्षण मिळते, ही गोष्ट शाळेस जितकी लागू आहे तितकीच छावणीसही. सुज्ञ अधिकारी हत्यार हरवल्याचे आपण होऊन सांगणाऱ्यास दटावीत नाही. उड्डाण थांबवून आधी हत्यार शोधतो. कानाविषयीही हाच न्याय असावा.

आणि घराने काय करावे? मुलगा रजेवर आला की त्याच्या आवडीचे पदार्थ होतात, पगाराची चौकशी होते, स्थळे पाहिली जातात. त्याबरोबर एवढे पाहावे की, तो दूरदर्शनचा आवाज वाढवितो काय, घड्याळाचा बारीक गजर त्यास ऐकू येतो काय, पंक्तीत चारजण बोलू लागले की तो गप्प बसतो काय, आईस पुनःपुन्हा ‘काय म्हणालीस?’ असे विचारतो काय. तसे आढळल्यास ‘लक्ष कोठे असते तुझे?’ म्हणून रागावू नये. शांतपणे जवळ बसवून श्रवणपरीक्षा करून घेण्यास सांगावे आणि कामावर टोपणे घालण्याचे वचन घ्यावे. गेलेले परत येणार नाही, परंतु उरलेले राखता येते.

देशरक्षणासाठी देह झिजविणे हे भूषण होय. निष्काळजीपणाने तो गमावणे हे नव्हे. आमच्या डोक्यावरून विमान गेले की मुले अंगणात धावत येऊन वर पाहतात. त्यांस विमान अवश्य दाखवावे. पण ते ज्यांच्या श्रमांवर उडते, त्या जमिनीवरच्या माणसांची कथाही वडीलधाऱ्यांनी त्यांस सांगावी.