भागिले पंचवीस

'मॉडेल' म्हटलं की आपल्या कॉलेजात प्रत्येकाला वेगळं काहीतरी आठवतं. सिव्हिलवाल्यांना सनबोर्डचा बंगला, कॉम्प्युटरवाल्यांना वॉटरफॉल, आणि बाकीच्यांना जे आठवतं ते संपादकांना छापता येणार नाही! मी लिहितोय ते एका गाडीच्या मॉडेलबद्दल. १९३२ च्या फोर्ड रोडस्टरपासून बनवलेली जुन्या पद्धतीची हॉट रॉड, स्केल १:२५, लांबी वीतभरसुद्धा नाही. गेलं सेमिस्टरभर ती माझ्या टेबलावर होती आणि रूमवर येणारा प्रत्येक जण दोनच प्रश्न विचारायचा. "केवढ्याला पडली?" आणि "हिला मडगार्ड का नाहीत रे?" पहिल्याचं उत्तर शेवटी देतो. दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे, म्हणून हा लेख.

हॉट रॉड म्हणजे काय रे भाऊ?

दक्षिण कॅलिफोर्नियात मुरॉक, एल मिराज अशी कोरडी तळी आहेत. पाणी आटून गेलेलं, तळ टणक आणि मैलोन् मैल सपाट. १९३० च्या दशकात तिथली तरुण पोरं जुन्या गाड्या घेऊन या तळ्यांवर जायची आणि कोणाची गाडी जास्त पळते ते बघायची. पैसे नसायचे, त्यामुळे स्पेअर पार्टसाठी आधार भंगारवाल्याचा. या शर्यतींना शिस्त लागावी म्हणून १९३७ साली तिथल्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या, हातात मेकॅनिकचं काम असलेल्या मुलांनी या छंदात भर घातली. १९४८ च्या जानेवारीत 'हॉट रॉड' नावाचं मासिक निघालं आणि १९४९ साली बॉनव्हिलच्या मिठागरावर पहिला 'स्पीड वीक' झाला.

या सगळ्यात १९३२ ची फोर्ड लाडकी का? एक म्हणजे तिचं व्ही-८ इंजिन. तोपर्यंत व्ही-८ ही श्रीमंतांच्या गाडीतली चीज होती. फोर्डने सगळा ब्लॉक एकाच ओतकामात काढून ते सामान्य माणसाच्या गाडीत बसवलं. २२१ घन इंच, म्हणजे साधारण ३.६ लिटर, आणि ६५ हॉर्सपॉवर. दुसरं म्हणजे तिची चासी. बाजूचे रेल बॉडीखाली उघडे दिसतात, त्यामुळे मडगार्ड काढले तरी गाडी उघडीबोडकी वाटत नाही.

आता मडगार्डचं उत्तर. तळ्यावर पाऊस नाही, चिखल नाही, रिक्षा नाही. मडगार्ड म्हणजे नुसतं वजन, आणि वर वाऱ्याला अडवणारा पत्रा. म्हणून काढला. बंपर काढले. विंडस्क्रीन दोन इंच कापून बुटकी केली, कारण वाऱ्याशी झगडायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि समोरून दिसणारं क्षेत्रफळ कमी करायला फक्त करवत लागते. थोडक्यात, हॉट रॉडमधल्या प्रत्येक बदलाला एक कारण असतं. मॉडेल करणाऱ्याला ते कारण माहीत नसेल तर हातात जे येतं ते खेळणं.

आधी साल ठरवा

सुरुवात करण्याआधी मी कागदावर एकच ओळ लिहिली : "ही गाडी १९४८ सालची आहे." हा नियम दिसतो साधा, पण सगळं मॉडेल त्याच्यावर उभं राहतं. १९४८ नंतर आलेली एकही वस्तू गाडीवर चालणार नाही. शेव्हरलेचं प्रसिद्ध स्मॉल ब्लॉक व्ही-८ आलं १९५५ साली, म्हणून बाद. डिस्क ब्रेक बाद. रुंद टायर, अलॉय व्हील बाद. उलट १९३२ च्या गाडीला मुळात सळ्यांनी ओढले जाणारे मेकॅनिकल ब्रेक होते आणि फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले १९३९ साली. म्हणजे १९४८ मधला पोरगा भंगारातून ३९ ते ४८ च्या फोर्डचे ब्रेक काढून आपल्या गाडीला लावणार. तसे चालतात. नव्हे, तसेच हवेत.

एएमटी कंपनीने १९५८ पासून '३ इन १' किट काढली, म्हणजे एकाच डब्यात मूळ गाडी, सजवलेली गाडी आणि शर्यतीची गाडी अशा तिन्हींचे भाग. तेव्हापासून अशा किटमध्ये जादा भाग भरपूर असतात आणि सगळे लावायचा मोह होतो. साल ठरलेलं असलं की निम्मे भाग आपोआप डब्यात राहतात.

भागिले २५

मग कॅल्क्युलेटर काढायचा. खऱ्या गाडीचा व्हीलबेस १०६ इंच, म्हणजे २६९२ मिमी. भागिले २५, उत्तर १०७.७ मिमी. विंडस्क्रीनमधून कापलेले दोन इंच मॉडेलवर होतात २ मिमी. इथपर्यंत सोपं आहे. गंमत बारीक भागांत येते.

स्पार्क प्लगची वायर खरी ७ मिमी जाडीची. मॉडेलवर ०.२८. आपल्याकडे मिळणारी १.५ स्क्वेअर एमएमची फ्लेक्सिबल वायर सोला. आत ०.३ मिमीच्या २२ तारा असतात. काम झालं! एक्झॉस्टचा पाइप पावणेदोन इंची, म्हणजे मॉडेलवर १.७८ मिमी. आता २.५ स्क्वेअर एमएमच्या सिंगल कोअर वायरचा व्यास सूत्रात घालून काढा. बरोबर १.७८ येतो. ब्रेकची पाव इंची नळी ०.२५ मिमी होते. मोटार वाइंडिंगच्या दुकानात ३३ गेजची तार मागा, तीच जाडी. दुकानदाराने "किती किलो?" विचारलं तर "दोन फूट" म्हणताना चेहरा गंभीर ठेवायचा.

पण सगळ्या गोष्टी अशा सरळ भागल्या जात नाहीत, आणि खरं शिक्षण तिथेच आहे. खऱ्या गाडीचा पत्रा साधारण ०.९ मिमी. भागिले २५ केला तर ०.०३६, म्हणजे वहीच्या कागदाहून पातळ. किटचं प्लास्टिक असतं १ मिमीच्या आसपास. उलटा हिशोब केला तर ही गाडी एक इंची प्लेटची बनलेली आहे! रणगाडाच म्हणा ना. उपाय असा की बॉडीची जी कड डोळ्याला दिसते, म्हणजे कॉकपिटचा काठ, दाराची कड, तेवढीच आतून घासून पातळ करायची. बघणारा कड बघतो आणि सगळा पत्रा पातळ समजतो.

वजनाचंही तेच. गाडी सुमारे १००० किलो धरा. भागायचं २५ ने नव्हे, २५ च्या घनाने, म्हणजे १५,६२५ ने. उत्तर ६४ ग्रॅम, एखाद्या मोठ्या अंड्याएवढं. म्हणूनच मॉडेलच्या स्प्रिंगवर भार पडून ती दबत नाही. गाडी 'बसलेली' दिसायला हवी असेल तर तो बसकेपणा आपणच मोजून द्यायचा.

बैठक

हॉट रॉडवाले ज्याला 'स्टान्स' म्हणतात त्याला मी बैठक म्हणतो. पुढून खाली, मागून वर. जुन्या फोर्डला पुढे सरळ आय-बीम ॲक्सल आणि त्यावर आडवी एकच पाट्यांची स्प्रिंग, गॅरेजच्या भाषेत कमान. १९४० च्या दशकातली पोरं हा ॲक्सल तापवून टोकांकडे असा वाकवून घ्यायची की चाकं वर जातात आणि मधला भाग, पर्यायाने गाडी, खाली येते. अडीच इंच खाली आणायची तर मॉडेलवर २.५ मिमी. मी ॲक्सलची दोन्ही टोकं कापली, अर्ध्या मिमीच्या ड्रिलने भोकं पाडून टाचणीचे तुकडे घातले आणि टोकं वर सरकवून चिकटवली. हा काप परत जोडून मूळ ॲक्सल होत नाही, आणि दुसरा ॲक्सल घ्यायचा तर दुसरं किट. म्हणून आधी पुठ्ठ्याचा ॲक्सल करून गाडी त्यावर दोन दिवस उभी ठेवली, येता-जाता बघितली, मग ब्लेड उचललं.

टायर पुढे साधारण २७ इंची, मागे ३१. हे दिसायला छान म्हणून नाही. मागचा टायर मोठा केला की गिअर न बदलता फायनल ड्राइव्ह बदलतो. ३.७८ हे त्या काळच्या फोर्डचं नेहमीचं गुणोत्तर घ्या आणि इंजिन ४५०० आरपीएमवर फिरवा. २८ इंची टायरवर वेग येतो सुमारे १६० किमी, ३१ इंचीवर १७७. सतरा किलोमीटर फुकट! अर्थात इंजिनात तेवढा जोर हवा. टीओएम फक्त पास होण्यापुरतं केलेल्यांनी हे गणित एकदा हाताने करून बघावं.

आता टायर आणि ॲक्सल यांचा एकत्र हिशोब. मूळ टायर पुढे-मागे २८ इंची आणि गाडी सपाट धरली तर मागचा आस दीड इंच वर गेला, पुढचा अर्धा इंच खाली आला, ॲक्सलने आणखी अडीच इंच खाली आणलं. एकूण फरक साडेचार इंच, १०६ इंचांवर. कोन येतो सुमारे २.४ अंश. मॉडेलवर किती? तेवढाच, २.४ अंश. लांबी भागली जाते, क्षेत्रफळ आणि वजन वेगळ्या दराने भागलं जातं, पण कोन भागला जात नाही. बैठक चुकलेलं मॉडेल लांबूनसुद्धा ओळखू येतं ते यामुळेच.

पाइप मोजा

फोर्डचं हे इंजिन 'फ्लॅटहेड'. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, त्यामुळे हेड म्हणजे नुसतं झाकण. कॉम्प्रेशन वाढवायचं तर हेड घासायचं किंवा ॲल्युमिनियमचं नवीन हेड बसवायचं. इंधनासाठी स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर, एकाऐवजी दोन किंवा तीन. यातले ९७ म्हणजे व्हेंच्युरीचा व्यास, ०.९७ इंच. मॉडेलवर हा घसा १ मिमीपेक्षाही लहान होतो. ड्रिलने हलका खड्डा पाडला की पुरे.

एक गोष्ट मात्र नीट बघा. सिलिंडर आठ, म्हणजे एका बाजूला चार. पण एक्झॉस्टचे पाइप एका बाजूला तीनच! मधल्या दोन सिलिंडरचा धूर एकाच तोंडातून बाहेर पडतो. शिवाय हा गरम धूर ब्लॉकच्या आतून, सिलिंडरांच्या मधून जातो, म्हणून हे इंजिन तापायला कुप्रसिद्ध. मॉडेलांच्या फोटोंत मी कितीतरी सुंदर फ्लॅटहेड पाहिले ज्यांना चार-चार पाइप आहेत. चकाचक क्रोम, आणि धूर मात्र येणार कुठून याचा पत्ता नाही. तसंच प्रत्येक हेडमधून एक अशा पाण्याच्या दोन नळ्या रेडिएटरकडे जातात. दोन दाखवा.

रंग आणि सावधगिरी

खऱ्या गाडीवर रंगाचा थर साधारण ०.१ मिमी. मॉडेलवर अर्धा दशांश मिमी जरी चढला तरी तो सव्वा मिलिमीटर जाड दिसतो आणि दाराची फट बुजते. म्हणून बॉडी साबणाने धुवा, ६०० आणि १००० चा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून मारा आणि पातळ पातळ हात द्या. गॅरेजमधला ड्युको आणि त्याचा थिनर थेट लावू नका, पॉलिस्टायरीन विरघळतं. पावसाळी हवेत स्प्रे मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि रंग पांढरट पडतो. माझ्या गाडीला मी रेड ऑक्साइड प्रायमरचाच रंग ठेवला, ॲक्रिलिकमध्ये. पैसे संपले म्हणून प्रायमरवर पळणाऱ्या गाड्या त्या काळी कमी नव्हत्या, आणि माझंही तेच झालं होतं!

किटचं क्रोम काढायचं तर भाग घरगुती ब्लीचमध्ये भिजवून ठेवा, थर निघून जातो. पण संडास धुण्याचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो. डिंक आणि थिनरचं काम गच्चीवर, खिडकी बंद रूममध्ये नाही. ब्लेड नेहमी स्वतःपासून लांब ओढा.

आणखी एक. हे वाचून कोणी आपल्या बाइकचा सायलेन्सर कापायला निघाला असेल तर थांबा. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत. १:२५ वर मात्र आरटीओची परवानगी लागत नाही. पाहिजे तेवढं कापा.

शेवटी हिशोब

किट एका महिन्याच्या मेस बिलाएवढ्याला पडलं. तारा, पॉलिश पेपर, रंग मिळून दोन वेळच्या बाहेरच्या जेवणाइतकं. वेळ साधारण पंचेचाळीस रात्री, रोज तासभर.

पैसे दिले की तयार प्रोजेक्ट मिळतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. रिपोर्ट बांधून मिळतो, पीपीटी पण मिळते. मिळत नाही ते एकच : व्हायव्हात एक्सटर्नल सरांनी "हे असं का?" विचारल्यावर द्यायचं उत्तर. या वीतभर गाडीवर बोट ठेवून कोणीही कुठलाही भाग विचारावा, तो तिथे का आहे, किंवा का नाही, हे मी सांगू शकतो. चाळीस मार्कांच्या पेपरात हे कुठे लिहायला मिळालं नाही, पण मेकॅनिकल घेतल्याचं पहिल्यांदा बरं वाटलं.

ज्यांना करून बघायचंय त्यांनी लगेच महागडं किट मागवू नका. एखादी स्वस्तातली खेळण्यातली गाडी घ्या, व्हर्निअरने तिचा व्हीलबेस मोजा, खऱ्या गाडीचा शोधा आणि भागाकार करा. मग तेच स्केल चाकांना लावून बघा. बहुतेक वेळा जुळणार नाही. का जुळत नाही ते शोधायला लागलात की समजा, काम सुरू झालं. व्हर्निअर माझ्याकडून न्या, फक्त सबमिशनच्या आठवड्यात परत आणा!